आधी वेळापत्रक, मग यंत्र: अति-उच्च क्षेत्राच्या एमआरआयचा वापर सामायिक व्हावा यासाठी मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, जैवतंत्रज्ञान विभाग, भारत सरकार
मा. महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: ७ टेस्ला किंवा त्याहून अधिक क्षमतेचे एमआरआय यंत्र सार्वजनिक पैशातून घ्यायचे झाल्यास ते कोणी, कसे आणि कोणासाठी वापरावे

महोदय / महोदया,

नारायणगावहून खोडदच्या बाजूला गेले की द्राक्षबागांच्या मागे जाळीच्या प्रचंड थाळ्या दिसू लागतात. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० अँटेना मिळून एक रेडिओ दुर्बीण होते. ती चालवते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) पुण्यातले केंद्र, पण तिच्यावर तास कोणाला द्यायचे हे केंद्रातली साहेब मंडळी आपापसांत ठरवत नाहीत. वर्षातून दोनदा जगभरातून प्रस्ताव मागवतात, समिती ते तपासते आणि ज्याचा प्रश्न कसाला उतरतो त्याला वेळ मिळतो. मिळालेला डेटा अठरा महिने त्या गटाकडे राहतो, मग सर्वांना खुला होतो. या पद्धतीमुळे ज्या विद्यापीठात साधी अँटेनासुद्धा नाही तिथल्या विद्यार्थ्यानेही या दुर्बिणीवर प्रबंध लिहिला आहे.

एमआरआयच्या मागणीपत्रात दुर्बीण कशाला, असे आपल्याला वाटेल. आमची जवळजवळ सगळी मागणी या एका उदाहरणात बसते म्हणून. शिवाय एक योगायोगही आहे. ७ टेस्लाच्या मॅग्नेटमध्ये झोपलेल्या माणसाच्या शरीरातला हायड्रोजन साधारण २९८ मेगाहर्ट्झला साद देतो. खोडदची दुर्बीण ज्या पट्ट्यांत ऐकते त्यांतला एक २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे ही साद त्याच पट्ट्यात पडते. दूरच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन ऐकायला आपण सामायिक कान बसवला. माणसाच्या मेंदूतला ऐकायचा झाला तर तो कान एकाच संस्थेच्या तळघरात कुलूपबंद का असावा?

आमच्या संघटनेत एमआरआय टेक्निशियन आहेत, वैद्यकीय भौतिकी शिकवणारे आहेत, न्यूरॉलॉजी आणि रेडिओलॉजीचे डॉक्टर आहेत, पीएचडीची मुले आहेत. खरे सांगायचे तर यातल्या प्रत्येकाला मनातून असे यंत्र आपल्याच संस्थेत हवे आहे. म्हणूनच हे पत्र सर्वांनी एकत्र बसून लिहिले आहे.

यंत्र काय देते, काय देत नाही

गावोगावच्या सेंटरवर असते ते एमआरआय १.५ किंवा ३ टेस्लाचे. ७ टेस्ला आणि त्यापुढचे सारे अति-उच्च क्षेत्रात मोडते. पृथ्वीचे जे चुंबकीय क्षेत्र होकायंत्राची सुई फिरवते, त्याच्या दीड लाख पटींहून हे जास्त भरते. माणसासाठी ८ टेस्लाचे यंत्र १९९८ साली ओहायो स्टेट विद्यापीठात चालू झाले, तर पुढच्या वर्षी मिनेसोटा विद्यापीठात ७ टेस्लाचे. पुढची जवळजवळ दोन दशके हे यंत्र प्रयोगशाळेतच राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने रुग्णतपासणीसाठी पहिल्या ७ टेस्ला यंत्राला मान्यता दिली, तीही डोके आणि हातपाय यांच्यापुरती आणि ३० किलोंहून अधिक वजनाच्या रुग्णांसाठी. ही मर्यादा आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण खरेदीच्या चर्चेत ‘सात’ हा आकडा उच्चारला की इतर तपशील मागे पडतात.

फ्रान्समध्ये पॅरिसजवळ साक्ले इथे ११.७ टेस्लाचे यंत्र आहे. वजन १३२ टन आणि आत १८२ किलोमीटर अतिवाहक तार. त्याने पूर्ण क्षेत्र गाठले २०१९ साली, २०२१ मध्ये पहिल्यांदा त्यात घातला तो भोपळा (परीक्षेतला नव्हे, खराखुरा), आणि माणसांच्या मेंदूची चित्रे जगासमोर आली २०२४ मध्ये. एवढ्या धीराची किंमत मोजण्याची तयारी असेल तरच या वाटेला जावे.

मिळते काय? मेंदूची साल दोन ते चार मिलिमीटर जाड असते आणि तिच्यात पेशींचे सहा थर असतात. नेहमीच्या यंत्रावर एक मिलिमीटरचा ठोकळा पाहता येतो. तो अर्ध्या मिलिमीटरचा केला की त्यातले पाणी आठव्या हिश्श्यावर येते, त्यामुळे संकेतही आठव्या हिश्श्यावर. ही तूट भरून काढायला क्षेत्र वाढवावे लागते. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या डागाच्या मधोमध जाणारी बारीक शीर ७ टेस्लावर स्पष्ट दिसते, आणि तसेच दिसणारे दुसऱ्या कारणांचे डाग वेगळे काढायला तिची मदत होते. अपस्माराच्या काही रुग्णांत सालीचा लहानसा तुकडा जन्मापासून चुकीचा घडलेला असतो. मुलाला दिवसातून चार झटके येतात, औषधे बदलून झालेली असतात, आणि ३ टेस्लाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ असतो. आमच्यातल्या टेक्निशियन मंडळींनी असे रिपोर्ट आईबापांच्या हातात दिले आहेत. तो तुकडा सापडला तर शस्त्रक्रियेचा विचार तरी करता येतो. ७ टेस्लावर तो सगळ्यांचाच सापडतो असे नाही, काहींचा सापडतो. अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून २०२१ साली अपस्मारासाठी या यंत्राचा वापर कसा करावा याच्या शिफारशी केल्या, त्या या ‘काहीं’साठी.

आता जाहिरातीत नसलेली बाजू. ३०० मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ लहरींची लांबी मेंदूच्या आत जेमतेम १३ सेंटिमीटर होते. डोके त्याहून मोठे. मग लहरी आतच एकमेकींवर आदळतात, चित्राचा मध्य उजळतो आणि कानामागचा भाग व लहान मेंदू काळवंडतो. यावर टायटॅनेटच्या पेस्टने भरलेल्या उशा डोक्याशी ठेवतात, किंवा अनेक वाहिन्यांनी लहरी सोडून त्यांचा मेळ बसवतात. ऊतींमध्ये मुरणारी उष्णताही क्षेत्राबरोबर झपाट्याने वाढते. पोटाचे, छातीचे चित्र हा अजून संशोधनाचाच विषय आहे. म्हणून ‘बाहेरच्या रुग्णांचे स्कॅन करून यंत्राचा खर्च भरून निघेल’ असे कोणी प्रस्तावात लिहिले, तर ते पान तिथेच बाजूला ठेवावे.

सहकार्य हे इथे गणित आहे

३ टेस्लावर ‘नॉर्मल’ दिसणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांपैकी एका केंद्राकडे वर्षात मोजकेच पात्र ठरतात. त्यातून एखाद्याला यंत्रात चक्कर येते, एखाद्याच्या पायात सळई निघते. दहा-बारा जणांवर निष्कर्ष उभा राहत नाही, म्हणून केंद्रांना एकत्र यावेच लागते. पण एकत्र येणे म्हणजे सामंजस्य करारावर सह्या करून फोटो काढणे नव्हे. ब्रिटनमध्ये केंब्रिज, कार्डिफ, ग्लासगो, नॉटिंगहॅम आणि ऑक्सफर्ड या पाच केंद्रांनी ७ टेस्लाचे जाळे उभारले, तेव्हा आधी त्यांनी स्वतःलाच तपासले. तेच दहा जण पाचही ठिकाणी जाऊन त्याच पद्धतीने स्कॅन करून आले. ‘फिरती डोकी’ असेच त्या अभ्यासाला म्हणतात. यंत्रे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची होती. एकाच माणसाचे मोजमाप गावागणिक किती बदलते हे एकदा कळले, की मगच रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक खरा की यंत्राचा, हे सांगता येते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या मानवी कनेक्टोम प्रकल्पाचे. ३ टेस्लाचे स्कॅन सेंट लुइसला झाले. त्यातल्या १८४ जणांना मिनेसोटाला नेऊन ७ टेस्लावर पुन्हा स्कॅन केले आणि सगळा डेटा जगाला खुला केला. तिथे यंत्र दारोदारी नेले नाही, माणसांचा प्रवासखर्च दिला. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गच्या रुग्णाचा विचार करताना आम्हाला हेच उदाहरण डोळ्यांसमोर दिसते.

मागणी पहिली: तास कोणाचे ते आधी ठरवा

यंत्र ज्या इमारतीत बसेल त्या संस्थेला त्यावर मालकी सांगता येऊ नये. संशोधनाच्या एकूण तासांपैकी निम्म्याहून अधिक तास बाहेरच्या गटांसाठी राखीव असावेत. प्रस्ताव वर्षातून दोनदा मागवावेत, निवड समितीत यजमान संस्थेचे सदस्य अल्पमतात असावेत, आणि नकार मिळालेल्याला लेखी कारण मिळावे. तास कोणाला दिले, किती वापरले, किती वाया गेले, हे दर महिन्याला जाहीर व्हावे.

हे आम्ही हवेत बोलत नाही. आमच्या एका सदस्याने आपल्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेच्या ३ टेस्ला यंत्रावर प्रकल्प केला. मिळालेली वेळ रात्री अकरानंतरची, तीही रुग्ण उरले नसतील तर. दोन वर्षांत अठ्ठावीस स्कॅन झाले. मध्येच सॉफ्टवेअर बदलले आणि आधीचा प्रोटोकॉल पुसला गेला, म्हणून पहिले अकरा फुकट गेले. शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा ज्यांनी स्कॅनरच्या खोलीत कधी पाऊल टाकले नव्हते अशा तिघांची नावे घालावी लागली, कारण ‘मशीन आमचे आहे’. तास दिल्याच्या मोबदल्यात लेखकाच्या यादीत नाव, ही वहिवाट या यंत्रावर पहिल्या दिवसापासून लेखी नियमाने बंद व्हावी.

मागणी दुसरी: खरेदीच्या आदेशाआधी पदे मंजूर करा

या क्षेत्रात जुना आडाखा आहे, दर टेस्लामागे दहा लाख डॉलर. म्हणजे केवळ यंत्र पन्नास कोटी रुपयांच्या वर जाते. एवढे पैसे एका सहीने मंजूर होतात आणि टेक्निशियनचे पद मात्र अकरा महिन्यांच्या करारावर भरले जाते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहतो आहोत. १.५ टेस्लावर बटण दाबणारा माणूस चालून जातो, कारण कंपनीने सगळे आधी बसवून दिलेले असते. ७ टेस्लावर प्रत्येक डोक्यासाठी लहरींचा मेळ नव्याने बसवावा लागतो, कॉइल दुरुस्त कराव्या लागतात, सिक्वेन्स (स्कॅन कसा घ्यायचा ते यंत्राला सांगणारे आदेश) लिहावे लागतात. किमान दोन एमआर भौतिकशास्त्रज्ञ, एक रेडिओ-फ्रीक्वेन्सी अभियंता, एक डेटा अभियंता आणि दोन पाळ्यांना पुरतील इतके टेक्निशियन, ही सर्व पदे नियमित आणि वेतनश्रेणीतली हवीत. त्यांना परदेशातल्या चालू केंद्रावर सहा महिने शिकायला पाठवावे, आणि यंत्राचे खोके उघडेपर्यंत ते परतलेले असावेत. ही पदे मंजूर नसतील तर यंत्र घेऊ नये. आमच्या संघटनेने असे म्हणावे याचे काहींना नवल वाटेल, पण बैठकीत ते एकमताने ठरले आहे.

मागणी तिसरी: करारात कच्चा डेटा आणि सिक्वेन्सची किल्ली

पडद्यावर दिसते ते चित्र म्हणजे गणित करून शिजवलेले अन्न. संशोधकाला धान्यापर्यंत जावे लागते. मॅग्नेटमधून आलेला कच्चा संकेत बाहेर काढण्याचा हक्क, सिक्वेन्स लिहिण्याची सोय, सहकारी केंद्रांशी ते सिक्वेन्स वाटून घेण्याची मुभा, या गोष्टी निविदेतच लिहिलेल्या असाव्यात. नंतर मागितल्या तर त्यांचे वेगळे बिल येते. देखभालीचा करार किमान दहा वर्षांचा असावा आणि त्याची रक्कम खरेदीच्या दिवशीच बाजूला काढावी. मुंबईत सॅमीर या सरकारी संशोधन संस्थेत देशी एमआरआय बनवण्याचे काम झाले आहे. कॉइल आणि ॲम्प्लिफायरच्या कामात तिथल्या अभियंत्यांना पहिल्यापासून सामील करून घ्यावे.

मागणी चौथी: एकट्या यंत्राला परवानगी नको

७ टेस्लावर दिसलेली खूण जर ३ टेस्लावर, आणि शक्य तिथे १.५ टेस्लावर शोधायला शिकता आली नाही, तर नांदेडच्या किंवा अकोल्याच्या रुग्णाला या खर्चातून काहीच मिळाले नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या अभ्यासात राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांपैकी किमान तीन ३ टेस्ला केंद्रे भागीदार असावीत. आपलीही ‘फिरती डोकी’ असावीत. दहा स्वयंसेवक आणि एकच फँटम (यंत्र तपासायचा ठरावीक नमुना), दरवर्षी सगळ्या भागीदार केंद्रांवर. हा खर्च वरकड समजून कापला जातो. तो कापला तर उरलेल्या आकड्यांवर आम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि परदेशातला कोणी सहकारीही ठेवणार नाही.

मागणी पाचवी: यंत्रात झोपणाऱ्या माणसाची

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला तरुण जिवाला मुकला. ते यंत्र ७ टेस्लाचे नव्हते. खोलीच्या दारात कोण उभे आहे आणि त्याला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार आहे का, हा टेस्लापेक्षा मोठा प्रश्न आहे. म्हणून मॅग्नेटच्या दारावरच्या टेक्निशियनचा शब्द शेवटचा मानावा. समोर विभागप्रमुख असोत की मंत्री, त्याने नाही म्हटले की नाही.

धातूची चौकशी ही आपल्याकडची सर्वांत अवघड बाब आहे. मंगळसूत्र, जोडवी, नथ काढून ठेवता येतात, तरी मंगळसूत्र काढायला सांगताना आमच्या महिला टेक्निशियनना किती बोलावे लागते ते त्यांनाच ठाऊक. पोटातले मात्र काढता येत नाही. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेत रिंग घातली की क्लिप, तांबी अजून आत आहे की काढली, अपघातानंतर पायात बसवलेली सळई कसली, याचा कागद बहुतेकांकडे नसतो. ३ टेस्लाला चालणारी वस्तू ७ टेस्लाला चालेलच असे नाही. लहरींची लांबी बदलली की तोच धातू वेगळ्या तऱ्हेने तापू शकतो. राज्यातल्या प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने शरीरात कायम राहणाऱ्या वस्तूचे कार्ड रुग्णाला द्यावे, असा आदेश शासनाने काढावा. यासाठी पन्नास कोटी लागत नाहीत, आणि त्याचा उपयोग आजच्या प्रत्येक एमआरआय सेंटरवर उद्यापासून होईल. जुने गोंदण आणि नवे टॅटू, दोन्हींची चौकशी संमतीपत्रात असावी.

संमतीपत्र मराठीत, आणि गरज तिथे गोंडी, भिली, कोकणीतही समजावून सांगावे. ‘यंत्रात सरकताना चक्कर येते, कधी तोंडात धातूची चव येते, पलंग हळू सरकवला तर त्रास कमी होतो’ इतक्या सरळ शब्दांत. कानाच्या आतल्या द्रवावर क्षेत्राचा जोर पडतो म्हणून ही चक्कर येते. भुताटकी नव्हे, हेही सांगावे. स्कॅनमध्ये अनपेक्षित गाठ दिसली तर कोण, किती दिवसांत, कोणत्या रुग्णालयात पाठवणार, ते आधी लिहिलेले असावे. प्रवास, सोबतच्या नातेवाइकाचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी भरून द्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनात सहभागी होणाऱ्याच्या हिताचा पाया घातलेलाच आहे. आम्ही तो या यंत्राच्या खोलीपर्यंत आणायला सांगतो आहोत.

मागणी सहावी: डेटा कपाटात नको

अठरा महिन्यांनंतर खुला डेटा, खोडदसारखा. त्याआधी एक काळजी घ्यावी लागेल. डोक्याच्या स्कॅनमधून माणसाचा चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणून चेहऱ्याचा भाग पुसूनच डेटा बाहेर जावा, आणि हे स्वयंसेवकाला आधी सांगावे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि परदेशी सहकार्यासाठी लागणारी आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी, या दोन्हींसाठी प्रत्येक संशोधकाला वेगळे खेटे घालावे लागू नयेत. सुविधेनेच एक कक्ष चालवावा. साठवण आणि गणनेसाठी पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणन केंद्राची मदत घ्यावी.

मागणी सातवी: हेलियम आणि वीज

थोडक्यात सांगतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात भारताच्या भूमीवरून सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली, ती हेलियमची. विजयदुर्गावर त्या तारखेला हेलियमचा दिवस साजरा होतो. हेलियम मात्र आपण बाहेरून आणतो. उडून जाणारा वायू पकडून पुन्हा द्रव करणारी व्यवस्था यंत्राबरोबरच घ्यावी. चिलरला वेगळी वीजवाहिनी आणि स्वतंत्र जनरेटर हवा. जनरेटरमध्ये डिझेल आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी एका नावावर असावी.

जागेबद्दल

पुणे, मुंबई की नागपूर, यावर आम्ही मत देत नाही. कार्यकारिणीत त्यावर एक तास वाद झाला आणि तो तसाच सोडून दिला. निकष मात्र सांगतो. रेल्वे आणि मेट्रोच्या मार्गापासून पुरेसे अंतर, कारण सरकणारे लोखंड चित्र बिघडवते. शेजारी मेंदूच्या शस्त्रक्रियेचे सार्वजनिक रुग्णालय. आणि बाहेरगावच्या स्वयंसेवकाला रात्री राहायला खोली. या निकषांवर गुण द्या आणि गुणपत्रिका जाहीर करा. ११.७ टेस्ला किंवा राज्यात दोन-तीन यंत्रे, अशी आमची मागणी नाही. एक यंत्र नीट चालले तर पुढचे आपोआप मागितले जाईल.

निविदेचा मसुदा अंतिम होण्याआधी आम्हाला एकदा बैठकीसाठी बोलवावे आणि मसुद्याची प्रत किमान तीस दिवस आधी द्यावी, ही विनंती. येण्याजाण्याचा खर्च आमचा आम्ही करू. शरीरातल्या वस्तूंच्या कार्डाबाबतचा आदेश मात्र या बैठकीसाठी थांबवू नये. त्याचा नमुना सोबत जोडला आहे.

कळावे,

आपले,
अध्यक्ष आणि सचिव,
कार्यकारिणी व सर्व सभासदांच्या वतीने

सोबत: शरीरात बसवलेल्या वस्तूच्या कार्डाचा मराठी नमुना, एक पान